ठेका सोडून

"काका, तुम्ही तिघं जरा सुटे उभे राहा ना! रांग कशाला लावलीय?"

गळ्यात शिट्टी अडकवलेली ती मुलगी हे आम्हाला तिसऱ्यांदा सांगून गेली. आम्ही मान डोलावली, इकडेतिकडे सरकलो आणि मिनिटभरात पुन्हा होतो तसेच उभे. पुढे ईश्वरानाना, त्यांच्यामागे एक हात सोडून नूर, नूरच्या मागे मी. लग्नाच्या वराती वाजवण्यात ज्यांचा जन्म गेला ती माणसं रस्त्यावर उभी केली की रांगेतच उभी राहतात, त्याला इलाज नाही. टी-शर्टसुद्धा आम्ही लाल घेतले होते, बँडच्या ड्रेसचा रंग. दुसऱ्या रंगात आपण एकमेकांना ओळखायचो नाही, असं नूरचं म्हणणं.

सात वर्षांपूर्वीची, पौषातली सकाळ. सांगलीच्या विश्रामबागेत हजारभर माणसं एकवीस किलोमीटर पळायला जमली होती. पौषात लग्नं नसतात, म्हणून बँडवाल्यांना तो महिना मोकळा. त्याच्या आदल्या वर्षी याच शर्यतीला आम्ही वाजवायला आलो होतो. पळणारे निघेपर्यंत तासभर वाजवलं, चहा प्यालो आणि सामान आवरत बसलो. तेवढ्यात सत्तरीचे एक आजोबा पळून परत आले. घामानं निथळत होते, पण श्वास कसा, एखाद्या रियाजी माणसाचा असावा तसा संथ. नूर त्यांच्याकडे टक लावून बघत राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सर्जा, पुढल्या साली हितं दुसरा बँड वाजवंल. आपण पळायचं."

"मी? माझ्या छातीनं?"

"तुझ्या छातीसाठीच म्हणतोय."

आता माझ्या छातीचं सांगायला हवं. मी बँडचा मास्तर होतो. मास्तर म्हणजे ट्रंपेट वाजवत सगळ्यांच्या पुढे चालणारा. गाणं कुठलं, कधी उचलायचं, कधी तोडायचं, सगळं त्याच्या हातात. पंधरा वर्षं ते काम मी केलं आणि बरं केलं, एवढं मी स्वतःच्या तोंडानं सांगतो. आता सांगायला लाज कसली. मग मला टीबी झाला. सहा महिने सरकारी दवाखान्याच्या गोळ्या खाल्ल्या, जगलो, पण ट्रंपेट सुटलं. मी सगळ्यात मागच्या रांगेत गेलो, हातात झांजा घेऊन. माझ्या जागी नूर आला.

नूर म्हणजे नूरमहंमद मुजावर, माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याचं वाद्य बेस, हे मोठ्या तोंडाचं, पोटाशी धरून वाजवायचं. त्याचे ओठ त्या वाद्याला घडलेले. ट्रंपेटची ती बारकी तोटी त्याच्या ओठांना मानवेना. वरात संपली की खालचा ओठ फाटलेला असायचा. माझी बायको मालन दर पंधरवड्याला त्याच्या घरी घरचं तूप पोचवायची, ओठाला लावायला. वरातीतली टवाळ पोरं म्हणायची, "मामा, ट्रंपेट वाजवताय का सायकलच्या ट्यूबमधनं हवा सोडताय?" नूर हसायचा. दोन वर्षं तो असा हसत होता.

त्याचा हिशेब सरळ होता. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी सर्जाला फुंकायची बंदी केलीय. पळून पळून छाती भक्कम झाली की सर्जा एकवीस किलोमीटर तीन तासांत काढणार. तीन तासांच्या आत पोचणाऱ्यालाच मेडल. ते मेडल घेऊन आपण दोघं डॉक्टरीणबाईंकडे जाणार आणि म्हणणार, बघा बाई, हा माणूस आता फुंकू शकतो का नाही ते तुम्हीच सांगा.

म्हणजे माझं ट्रंपेट मला परत मिळायचं की नाही, हे त्या सकाळी ठरणार होतं. थंडीतही मला घाम फुटला होता तो म्हणूनच.

"सुटलं का रं?" ईश्वरानानांनी विचारलं.

"सुटलं नाना, चला!"

नाना अठ्ठावन्न वर्षांचे. साइड ड्रम वाजवतात. त्यांच्यावाचून आम्हाला पळताच येत नव्हतं, हे आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं. हरिपूर रस्त्याला सरावाला गेलो तेव्हा नूर पुढे सुटला, मी मागे राहिलो, दोनशे पावलांत दोघांनाही धाप लागली. नाना मागून चालत आले आणि म्हणाले, "ठेक्यात पळा की रं, गाढवांनो." आणि त्यांनी तोंडानं ठेका धरला, "टर्रर टक, टर्रर टक." आमचे पाय आपोआप त्यात बसले. दहा महिने आम्ही असेच पळलो. नाना पुढे, ठेका त्यांच्या तोंडात, आणि नियम एकच: ड्रमच्या पुढे जायचं नाही.

शर्यतीतही तसंच चाललं होतं. पहिले पाच किलोमीटर कसे गेले कळलं नाही. तरणी पोरं सुसाट पुढे गेली, जाऊ दिली. सूर्य वर आला. रस्त्याकडेला उभ्या बायका टाळ्या वाजवत होत्या, एका आजीनं तर नानांना ओवाळायला आरतीचं ताट आणलं होतं. नाना थांबले नाहीत, पण त्यांनी पळता पळता नमस्कार केला आणि ठेका चुकू दिला नाही.

सातव्या किलोमीटरला माझ्या लक्षात आलं की आमच्या मागे कुणीतरी आहे. वळून बघितलं तर दहा-बारा माणसं. सगळ्यांचे पाय एकसारखे पडत होते. सगळ्यात पुढे चष्मेवाल्या एक बाई, पन्नाशीच्या.

"चालेल ना हो?" त्यांनी विचारलं. "तुमच्या त्या टर्ररटकवर फार छान पळता येतंय. मी लिमये. विमा ऑफिसात असते."

"या की बाई," नूर म्हणाला. "वरातीला माणूस जास्तीच बरं."

मी नाना आणि नूर यांच्या पाठी बघत पळत होतो आणि मजेत होतो. खरंच सांगतो, मजेत होतो. दोन वर्षांपूर्वी जिना चढताना मध्ये बसणारा माणूस मी. आता दहा किलोमीटर झाले तरी श्वास पोटातून वर येत होता, गरम आणि पुरेसा. वाटायचं, असंच पळत राहावं आणि शेवट येऊच नये. त्यामागचं दुसरं कारण पुढे येईलच.

मग तेराव्या किलोमीटरला आमची फजिती झाली.

पळणाऱ्यांना हुरूप यावा म्हणून तिथे बँड उभा केला होता. मिरजेचा, आमच्या ओळखीचा, म्हणजे धंद्यातला दुश्मन म्हणा. आम्ही जवळ येतोय हे त्यांच्या मास्तरानं लांबूनच ओळखलं. लाल टी-शर्ट, रांग, ओळखायला काय लागतं! त्यानं आम्हाला मान दिला. चालू गाणं तोडलं आणि नवरदेव घोड्यावर बसल्यावर वाजवतात ती संथ चाल उचलली. झुलत झुलत, एक पाऊल टाकायचं, थांबायचं, दुसरं टाकायचं, अशी.

"बघ बघ, सलामी देत्यात," नूर म्हणाला.

"ड्रम ढिला हाय त्यांचा," नाना म्हणाले. "कातडं तापवलं न्हाई सकाळी."

"क्लॅरिनेटवाला कोण आहे?" मी विचारलं. "नवा दिसतोय."

"कवठ्याचा हाय. बरा वाजवतोय की."

असं आमचं बोलणं चाललं होतं. बँड आमच्याबरोबर निघाला होता. उभ्यानं वाजवायची सवय त्यांनाही नाही. आम्ही पुढे, बँड मागे, बाजूला टाळ्या वाजवणारी माणसं. नानांचा एक हात वर गेलेला, ड्रमवाल्याला खुणा करत होते. नूर डोळे मिटून मान हलवत होता. मी झांजा नसतानाही हात एकमेकांवर आपटत होतो. कुणाला काही वावगं वाटलं नाही.

"अहो!" मागून लिमयेबाई ओरडल्या. "अहो, आपण पळतोय की नवरदेव मिरवतोय?"

मी खाली पायांकडे बघितलं. आम्ही चालत होतो. चालतसुद्धा नव्हतो, झुलत होतो. आमच्या मागची दहा-बारा माणसं कधीच निघून गेली होती. एकट्या लिमयेबाई तेवढ्या, त्यांचाही एक पाय हवेत थांबलेला.

"किती वेळ?" नूरनं विचारलं.

बाईंनी घड्याळ बघितलं. "दहा मिनिटं तरी गेली. मला वाटलं, तुम्ही विश्रांती देताय."

नूरच्या तोंडचं पाणी पळालं. तो त्या मिरजेच्या मास्तराला जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. बिचाऱ्या मास्तराला वाटलं, गाणं आवडलं नाही, म्हणून त्यानं दुसरं उचललं.

आम्ही पुन्हा पळायला लागलो. नानांनी ठेका वाढवला. पण वाढवलेला ठेका त्यांच्याच पायांना झेपेना. सोळा संपता संपता त्यांच्या पोटरीत गोळा आला आणि ते रस्त्याकडेच्या कट्ट्यावर बसले. मी त्यांचा पाय चोळायला लागलो. तशी लिमयेबाईंनी मला बाजूला केलं.

"तुम्ही जा. मला येतं हे. माझ्या सासूबाईंचे पाय वीस वर्षं चोळलेत मी. आम्ही दोघं येतो सावकाश."

"नाना, तुमच्याबिगर कसं जायाचं?" मी म्हणालो.

"जावा म्हनतोय ना!" नाना खेकसले. "नूर, ह्याला घिऊन जा. ह्याचं महत्त्वाचं हाय."

तेव्हा तासाला चौतीस मिनिटं कमी... नाही, नीट सांगतो. तीन तास पुरे व्हायला चौतीस मिनिटं उरली होती आणि रस्ता साडेचार किलोमीटर. दहा महिन्यांत आम्ही कधी इतक्या वेगानं पळलो नव्हतो, आणि तेही थकल्यावर. पुढे नूर, मागे मी. ठेका नव्हता. दोघांचे पाय वेगवेगळे पडत होते.

"सर्जा," नूर मागे न बघता बोलायला लागला, "हुईल. हुतंय बघ. उद्या सकाळी दहाला दवाखाना उघडतोय. मी डॉक्टरीणबाईस्नी विचारून ठेवलंय, सोमवारी बसतात का म्हणून. मेडल गळ्यात घालूनच जायचं. बाई न्हाई म्हणाल्या तर मी पाय धरीन त्यांचं."

मी पुढच्या पाटीकडे बघत पळत राहिलो.

"ऐकतोयस का? दोन वर्षं झाली, लेका. माझं ओठ बघ. रेश्मा म्हणती, अब्बा, तुमी हसला तरी रक्त येतंय. पण आता माघात तू पुढं. मी आपला मागं, माझा बेस घिऊन. मला झोपेत सुद्धा बेस दिसतोय, सर्जा."

आणखी शंभरेक पावलं झाली. मग माझ्याच्यानं राहवेना.

"नूर, दवाखान्यात जायची गरज नाही."

"का?"

"डॉक्टरीणबाईंनी बंदी केलीच नव्हती."

त्याचे पाय चालू होते. माझेही.

"म्हंजे?"

"गोळ्या संपल्या तेव्हाच त्या म्हणाल्या होत्या, छाती साफ आहे, हळूहळू वाजवायला लागा. कागद दिलाय तसा. घरी ट्रंकेत आहे."

"कवा?"

"दीड वर्ष झालं."

आता नूर थांबला. रस्त्याच्या मधोमध. मागून येणारा एक माणूस त्याच्यावर आपटता आपटता वाचला. नूरनं माझ्या तोंडाकडे बघितलं. मला वाटलं, मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"भाभीला ठावं हाय?"

"तिला एकटीलाच."

"म्हणून तूप आणत हुती," तो म्हणाला. हळू आवाजात म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. मग त्यानं पाठ फिरवली आणि पळत सुटला.

पळत सुटला म्हणजे खराच. नूरला मी तसं पळताना आयुष्यात बघितलं नव्हतं. शाळेत मास्तरांच्या छडीच्या भीतीनं पळायचा तेव्हाही नाही. मी दोन क्षण तसाच उभा, आणि तो माझ्यापासून चाळीस-पन्नास पावलं लांब. माझ्या मनात मेडल नव्हतं, तीन तास नव्हते, ट्रंपेटही नव्हतं. हा माणूस असाच पळत माझ्या आयुष्यातून निघून जाणार, एवढंच दिसत होतं. मी त्याच्या मागे धावलो.

"नूर! ऐक तरी!"

तो ऐकेना.

"नूर, मला भ्या वाटत होतं रे!"

ओरडत ओरडत मी सगळं सांगितलं. तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं, मालनलासुद्धा पुरतं नाही. माधवनगरची ती वरात. नवरी मांडवाच्या दारात उभी, मी गाण्याचा शेवटचा उंच सूर धरलेला, आणि छातीत काहीतरी सुटलं. सूर फाटला. खोकला आला. तोटी ओठावरनं काढली तर लाल. त्या वेळी मरणाची भीती नाही वाटली. आजूबाजूची माणसं मागे सरकली, ती वाटली. नवरीची आई सगळ्यात आधी, पदर नाकाला लावून. मग पाहुणे. मग घोडेवाला. बघता बघता माझ्याभोवती मोकळी जागा झाली आणि मी तिच्या मधोमध उभा, हातात ट्रंपेट. पंधरा वर्षं मी पुढे उभा राहिलो की माणसं जवळ यायची.

"तवापासनं ट्रंपेट उचललं की मला ती मोकळी जागा दिसती, नूर! छाती बरी झाली रे, पण ती जागा जात नाही! झांजा बऱ्या वाटायच्या! मागं कुणी बघत नाही!"

नूर पळतच होता. मी पळतच होतो. रस्त्यातली माणसं आमच्याकडे बघून हसत होती. एक जण म्हणाला, "काका, भांडण घरी गेल्यावर करा!" मी त्यालाही ऐकवलं. मग पुन्हा नूरला. मी त्याच्या हातापाया पडलो, तोंडानं. मग मला राग आला आणि मी त्याला शिव्या दिल्या. म्हणालो, तू लग्नात उपाशी राहायचास तेव्हा स्वतःच्या ताटातला जिलेबीचा वाटा तुला कुणी दिला? म्हणालो, रेश्माच्या बारशाला फुकट कुणी वाजवलं? हे बोलून मला माझीच लाज वाटली आणि त्याचीही मी ओरडूनच माफी मागितली. अठरा गेला, एकोणीस गेला. मधल्या टेबलावरचं पाणीसुद्धा मी घेतलं नाही, घेतलं असतं तर तेवढं बोलणं राहिलं असतं.

विसाव्याच्या पाटीशी तो माझ्यापासून दहा पावलांवर होता. त्याचे खांदे हलत होते. रडत होता का धाप लागली होती, कुणास ठाऊक.

"नूर, मी चुकलो! तुझे ओठ फाटताना मी मागनं बघत होतो आणि गप्प बसलो! यापेक्षा वाईट मी आयुष्यात काही केलं नाही!"

क्रीडांगणाचं फाटक आलं. आत वळण, मग सरळ पट्टा, मग वर लटकलेलं मोठं घड्याळ. मी घड्याळ बघितलंच नाही. मी त्याच्या शेजारी पोचलो आणि त्याचा दंड पकडला, आणि तसंच, दंड धरून, आम्ही ती पांढरी रेघ ओलांडली. दोन तास अठ्ठावन्न मिनिटं. कुणीतरी आमच्या गळ्यात मेडलं घातली. नूर गवतावर आडवा झाला. मी त्याच्याजवळ बसलो.

बराच वेळ त्याला बोलता येईना. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. शेवटी तो म्हणाला, "शिव्या द्यायच्या हायत तुला. पण दम न्हाई उरला."

"दे की सावकाश. मी बसलोय."

"तुला कसा दम हाय रं?"

"काय?"

"चार किलोमीटर," तो एकेक शब्द मोजून बोलत होता. "चार किलोमीटर माझ्या मागं पळालास. आणि सगळा वेळ, सगळा वेळ, लेका, बोंबलत हुतास. एक मिनिट गप न्हाई. मी नुसता पळून अर्धा मेलोय."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. मला खरंच धाप लागली नव्हती. म्हणजे लागली होती, पण बोलता येत होतं. श्वास होता. भरपूर होता.

"डॉक्टरीणबाईंचा कागद राहू दे तुझ्या ट्रंकेत," नूर म्हणाला आणि त्यानं तोंड फिरवलं. "मी तुला माफ केलेलं न्हाई. अजून लई दिवस करणार न्हाई. पण माघातली पहिली वरात तू वाजवायची."

"वाजवतो."

"कुठली हाय ते तरी विचार."

"कुठली?"

"माधवनगर. त्याच गल्लीत. गेल्या आठवड्यातच ठरलीय."

नाही म्हणावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण तोंडातून निघालेला शब्द मला परत घ्यायचा नव्हता. असे पुष्कळ शब्द मी दीड वर्ष गिळले होते.

नाना अजून यायचे होते. आम्ही दोघं उठलो आणि उलट्या दिशेनं चालत निघालो. फाटकाच्या बाहेर दूरवरून ऐकू आलं, "टर्रर टक, टर्रर टक." नाना लंगडत होते, त्यांचा एक हात लिमयेबाईंच्या खांद्यावर, आणि आता ठेका लिमयेबाई धरत होत्या. फार वाईट धरत होत्या. नाना दर चार पावलांना त्यांना सुधारत होते. आम्ही दोन बाजूंनी लागलो आणि चौघं आत आलो, तेव्हा तीन तास वीस मिनिटं झाली होती आणि घड्याळ उतरवायचं काम चाललं होतं. मेडल मिळणार नाही असं टेबलावरच्या माणसानं सांगितलं. लिमयेबाईंनी त्याच्याशी दहा मिनिटं हुज्जत घातली आणि दोन मेडलं घेऊन आल्या. विमा ऑफिसात त्या काय करतात ते मला तेव्हा समजलं.

"मग?" नानांनी आम्हा दोघांकडे बघून विचारलं. "आलात का तीन तासांत?"

"आलो," नूर म्हणाला. "ह्याच्यामुळं."

माघातली ती वरात संध्याकाळची, चांगल्या उजेडातली होती. मधल्या तीन आठवड्यांत मी रोज नदीकाठी जाऊन वाजवत होतो. तिथे काही अडचण नव्हती. नदी कुठे मागे सरकते? पण माधवनगरच्या त्या गल्लीत पुढे जाऊन उभा राहिलो आणि आधी माणसं किती लांब आहेत ते बघितलं. नवरदेव घोड्यावर बसला. मालन आली होती, न बोलावता, एका ओट्याच्या कडेला उभी होती. मागे नूर, पोटाशी त्याचा बेस. मी खूण केली, नानांनी ठेका दिला, आणि माझी सुरुवात यायची तिथे मी तोटी ओठाला लावून नुसताच उभा राहिलो. नानांनी तोच ठेका पुन्हा फिरवला. मग तिसऱ्यांदा.

चौथ्या फेरीला मी फुंकलं. आणि पहिलाच सूर चक्क फाटला. असा फाटला की घोडा दचकला आणि नवरदेवाचा फेटा कलला. मी डोळे गच्च मिटले. मला माहीत होतं आता काय दिसणार ते.

उघडले तेव्हा माणसं हसत होती. नवरीची मावशी की कोण, हातात अक्षतांचं ताट घेऊन माझ्यापासून दोन हातांवर उभी होती. "भरा की हो मास्तर दम," ती म्हणाली, "आम्हाला नाचायचंय!" आणि नीट ऐकू यावं म्हणून सगळी गल्ली एक पाऊल पुढे आली.

मी श्वास घेतला.